बसून घेतलेले माप

आमच्या शेजारची मुलगी फॅशन डिझाइनच्या चौथ्या, म्हणजे अखेरच्या वर्षात शिकते आहे. या वर्षी विद्यार्थ्याला स्वतःचा प्रकल्प उभा करावा लागतो. विषय निवडायचा, रेखाटने करायची, कोऱ्या मांजरपाटावर नमुने बेतायचे आणि अखेरीस कपड्यांचा संच परीक्षकांपुढे मांडायचा. वर्गातील बहुतेकांनी लग्नसमारंभाचे पोशाख निवडले. हिने आपल्या आजीचे पोलके निवडले.

आजींना दीड वर्षापूर्वी पक्षाघात झाला. उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. पोलके चढवताना सूनबाईंना अर्धा तास लागे आणि तेवढ्या वेळात दोघींचाही धीर सुटे. ज्यांच्या घरी हे रोज घडते, त्यांना अधिक सांगणे नलगे.

मुलीने पहिला नमुना पाठीवर संपूर्ण उघडणारा केला. नेसवणाऱ्याच्या दृष्टीने तो सोयीचा होता. मलाही तो पसंत पडला, हे कबूल करते. आजींनी मात्र तो हातातही घेतला नाही. "हा इस्पितळातला झगा झाला, पोरी. मी घरी आले आहे ना?" मुलगी रात्रभर रडली.

दुसरा नमुना तिने आजींच्या शेजारी बसून केला. दर्शनी बाजूस नेहमीसारखी बटणे, पण ती केवळ शोभेची; खाली वेल्क्रोची पट्टी. उजवा मुंढा सैल, आणि त्या बाजूची शिवण काखेपासून कमरेपर्यंत उघडणारी. दुबळा हात बाहीत आधी घालावा आणि काढताना शेवटी काढावा, हा व्यायामोपचारतज्ज्ञांचा नियम आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. तिने तो कापडात उतरवला. वेल्क्रोची खरखरीत बाजू कातडीला लागणार नाही अशी बसवली, कारण म्हातारपणी त्वचा पातळ होते. धुण्यापूर्वी ती पट्टी मिटवून ठेवावी, नाहीतर तिच्यात धागे अडकतात.

तिने मापेही आजींना खुर्चीत बसवूनच घेतली. बसल्यावर कापड पोटाशी गोळा होते आणि पाठीमागे वर चढते, म्हणून पुढची लांबी कमी आणि मागची जास्त ठेवावी लागते. जे दिवसभर बसून वा पडून असतात, त्यांच्या कपड्याला मागे खिसा, बटण किंवा जाड शिवण नसावी. तिथेच दाबाने जखमा होतात.

आजोबांच्या सदऱ्यासाठी तिने चुंबकाची बटणे आणली होती. संधिवाताच्या बोटांना ती फार सोपी. परंतु आजोबांना पेसमेकर आहे. चुंबक अशा यंत्रापासून निदान 15 सेंटीमीटर दूर असावा लागतो, तेव्हा छातीवरची ती बटणे बाद झाली. आपल्या घरी तयार कपडे आणताना एवढे अवश्य पाहावे. नेसवणाऱ्याला पेसमेकर असला तरीही.

परकराच्या नाडीऐवजी तिने रुंद, मऊ पट्टा लावला. यामागे जुने कारण आहे. मुंबईच्या डॉ. वसंत खानोलकरांनी सहकाऱ्यासह 1945 साली धोतराच्या घट्ट गाठीमुळे कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली; पुढे साडीच्या बाबतीतही तेच आढळले. असे क्वचितच घडते. तरीही कमरेवर काळा वळ, भेग वा न भरणारी जखम दिसली तर डॉक्टरांना दाखवावी.

असे विद्यार्थी आपल्या दारी आले, तर त्यांना जरूर वेळ द्यावा. मात्र माप घेताना आडोसा असावा, आणि छायाचित्र काढायचे की नाही ते ज्यांचा देह आहे त्यांनीच ठरवावे.

गेल्या गुरुवारी सूनबाईंनी घड्याळ लावले. नवे पोलके नऊ मिनिटांत चढले, आणि डावी बाही आजींनी स्वतः ओढून घेतली. परीक्षण पुढील महिन्यात आहे. आजी जाणार म्हणतात, पण बाह्यांना जरीचा काठ लावला तरच. मुलगी सध्या तो काठ शोधते आहे.