टरफलांचा हिशेब
बंगळूरातील बसवनगुडीस कार्तिकाच्या अखेरच्या सोमवारी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. पोत्याच्या आकारावरून दाण्यांचे माप निघत नाही. टरफलेही जागा व्यापतात. दोन संगणकांमधील संभाषणाचे द्वार जे सॉकेट, त्याच्या बफराचेही असेच आहे. येथे मजकूर पाठवणीपूर्वी थांबतो. परंतु नोंदींनाही जागा लागते. म्हणूनच लिनक्स प्रणाली मागितलेला आकार दुप्पट करते. अशा बफरातील मोकळी जागा वजाबाकीने काढणे भ्रामक होय. त्यापेक्षा मजकूर द्यावा, किती बाइट स्वीकारले गेले ते पाहावे आणि उरलेले जागा होताच पुन्हा द्यावे. हे न पाहिल्यास उरलेला मजकूर नकळत गळतो. शिवाय, बफरने स्वीकारले म्हणजे पलीकडे पोचले, असे नव्हे. पोच पलीकडच्या प्रोग्रामकडूनच घ्यावी.