लाकडाचा प्रतिमल्ल

करमाडला आमच्या आजोळी अंगणात एक शिसवी खांब आडवा पडून असे. त्यावर बसून आम्ही बोरे खात असू. तो मल्लखांब होता, हे मामांनी फार उशिरा सांगितले.

जिम्नॅस्टिकचा जनक म्हणून जर्मनीच्या फ्रीड्रिख यानचे नाव घेतात. १८११ साली बर्लिनजवळ त्याने उघड्यावर आखाडा काढला, हे खरेच. पण त्याच जमान्यात दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी बाळंभटदादा देवधर होते. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब हे पैलवान पुण्याला आव्हान घेऊन आले. (म्हणजे आम्ही करमाडकर तेव्हा पलीकडचे!) बाळंभटांनी मुदत मागितली, वणीच्या गडावर साधना केली आणि येऊन अलीला लोळवले, अशी कथा आहे. मारुतीने लाकडावर डाव दाखवले म्हणतात. मला दृष्टान्तापेक्षा ते लाकूड मोलाचे वाटते. जोडीदार दमतो, रागावतो, हातचे राखतो. खांब यातले काही करीत नाही. वर एरंडेल चोळलेले, पकड चुकली की माणूस खाली!

१८१८ साली पेशवाई बुडाली. १८१९ साली प्रशियाच्या सरकारने यानला पकडले. तालमीत जमणाऱ्या तरुणांची धास्ती, दुसरे काय? विद्या मात्र दोन्हीकडे टिकली. २०१९ साली मुंबईत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची जागतिक स्पर्धासुद्धा झाली.

आमची भाची दोरीचा मल्लखांब शिकायचे म्हणते. मेहुण्यांना तिच्या दहावीची काळजी. मी परस्पर फी भरून मोकळा झालो आहे. भाऊबीजेला ओवाळणीआधी भांडण ठरलेले!