प्रयोग साधा, धोका मोठा

प्रतिनिधी, वर्धा

स्फोट आणि आगी वर्धा जिल्ह्याला नव्या नाहीत. ३१ मे २०१६ रोजी पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात भीषण आग लागली. २० नोव्हेंबर २०१८ रोजी सोनेगाव आबाजी परिसरात जुना दारूगोळा निकामी करताना झालेल्या स्फोटाने सहा जणांचे प्राण घेतले. फेब्रुवारी २०२१ मध्ये भूगावच्या पोलाद कारखान्यात अनेक कामगार भाजले. या प्रत्येक घटनेनंतर सुरक्षिततेची चर्चा झाली. मात्र, विज्ञान शाखेचे विद्यार्थी ज्या प्रयोगशाळांत नियमितपणे ज्वलनशील द्रव्ये हाताळतात, त्यांच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. तेथील अपघात सहसा लहान असतात आणि लहान अपघात बातमीचा विषय होत नाहीत, हेच त्याचे कारण.

अभिक्रिया नाही म्हणून धोका नाही?

ऊर्ध्वपातन, द्रावकाच्या साहाय्याने निष्कर्षण, क्रोमॅटोग्राफी हे पृथक्करणाचे प्रयोग अभ्यासक्रमात 'सोपे' मानले जातात. त्यात नवा पदार्थ तयार होत नाही. मिश्रणातील घटक केवळ वेगळे केले जातात. त्यामुळे विद्यार्थ्यांच्याच नव्हे, तर अनेकदा शिकविणाऱ्यांच्याही मनात निर्धास्तपणा असतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. पृथक्करणात द्रावकाचे प्रमाण मोठे असते, ते तापवावे लागते आणि त्याची वाफ होणे हाच बहुधा प्रयोगाचा गाभा असतो.

विलगकारी नरसाळ्याचे उदाहरण बोलके आहे. ईथरसारखे उडून जाणारे द्रव नरसाळ्यात हलविले की आत दाब वाढतो. मिश्रणातील आम्ल धुण्यासाठी खाण्याच्या सोड्याचे द्रावण घातले असेल, तर कार्बन डायऑक्साइडची त्यात भर पडते. नरसाळे उलटे धरून, त्याचे तोंड कोणाकडेही न रोखता, तोटी वारंवार उघडून दाब मोकळा केला नाही, तर बूच उडते आणि द्रव चेहऱ्यावर येतो. अशा वेळी संरक्षक चष्मा डोळ्यांवर आहे की टेबलावर, एवढ्यावर दृष्टी वाचणे न वाचणे ठरते.

मूलकांच्या गटवार पृथक्करणासाठी वापरला जाणारा हायड्रोजन सल्फाइड वायू तर अधिकच फसवा. सडक्या अंड्यांसारख्या वासामुळे तो लगेच ओळखू येतो. तथापि, हवेतील त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे १०० भागांपर्यंत गेले की वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास थांबला म्हणजे वायू गेला, हा समज म्हणूनच घातक ठरू शकतो.

पुस्तकातील तापमान, वर्ध्यातील तापमान

या प्रश्नाला वर्ध्यात एक खास स्थानिक बाजू आहे. प्रयोगपुस्तिकांमधील सूचना बहुधा २० ते २५ अंश सेल्सियस तापमान गृहीत धरून लिहिलेल्या असतात. वर्ध्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो. ईथरचा उत्कलनांक जेमतेम ३४.६ अंश, तर डायक्लोरोमिथेनचा ४० अंशांच्या आसपास. एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या खोलीत ठेवलेली ईथरची बाटली दिव्यावर न ठेवताही उकळण्याच्या स्थितीत असते. उणे ४५ अंशांवरही पेट घेण्याइतकी वाफ देणारा हा द्रव आहे. ती वाफ हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्याने वर न जाता टेबलावरून, जमिनीवरून सरपटत जाते. दोन टेबले पलीकडे पेटलेला स्पिरिटचा दिवा तिला पुरेसा असतो.

सोयाबीनचे तेल आणि खंडित वीज

गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत तेलघाणीचा पुरस्कार केला. घाणीत तेल दाबाने निघते. आजच्या सोयाबीन तेल उद्योगात ते हेक्झेन या द्रावकाच्या साहाय्याने काढले जाते. बियाण्यातील तेलाचे प्रमाण सॉक्सलेट उपकरणाने काढण्याचा प्रयोग त्यामुळे सोयाबीन पिकविणाऱ्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांसाठी पुस्तकी राहत नाही. तो त्यांच्या शेताशी आणि उद्याच्या रोजगाराशी जोडलेला आहे.

परंतु हा प्रयोग काही तास चालतो आणि तेथेच धोका दडलेला असतो. संघनकातील पाणी थांबले आणि शेगडी चालूच राहिली, तर हेक्झेनची वाफ थेट खोलीत पसरते. वीज गेली तर वाफा खेचणारा पंखा बंद पडतो. ती परत आली की शेगडी आपोआप पेटते आणि पाहायला कोणी नसते. पाणी आणि वीज या दोन्हींचा भरवसा नसलेल्या ठिकाणी असा प्रयोग क्षणभरही निराधार सोडता कामा नये.

कायद्याच्या कक्षेबाहेर

मोठ्या संस्थाही अपघातांतून सुटलेल्या नाहीत. २९ डिसेंबर २००९ रोजी तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रसायन प्रयोगशाळेत लागलेल्या आगीत दोन तरुण संशोधकांचा होरपळून मृत्यू झाला. त्याच्या बरोबर एक वर्ष आधी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात हवेत पेट घेणारे रसायन हाताळताना २३ वर्षांची संशोधन सहायिका भाजली आणि पुढे दगावली. तिच्या अंगात प्रयोगशाळेचा कोट नव्हता. त्या प्रकरणी प्राध्यापकावर फौजदारी खटला भरला गेला, कारण ती विद्यापीठाची कर्मचारी होती.

विद्यार्थ्याचे तसे नाही. १९४८ चा कारखाना कायदा कामगारासाठी होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेणाऱ्या व्यावसायिक सुरक्षा संहितेचा केंद्रबिंदूही कामगारच आहे. कारखान्यातील गंभीर अपघात सरकारला कळविणे बंधनकारक असते; प्रात्यक्षिक करताना भाजलेला विद्यार्थी या चौकटीत बसत नाही. रासायनिक प्रयोगशाळांच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक ब्युरोची आय. एस. ४२०९ ही संहिता आहे. पण तिचे पालन संस्थेच्या इच्छेवर सोपविलेले आहे. नोंद नाही म्हणून आकडा नाही आणि आकडा नाही म्हणून प्रश्नच नाही, असे हे दुष्टचक्र आहे.

उपाय खर्चिक नाहीत

भीतीपोटी प्रयोग बंद करणे किंवा ते संगणकाच्या पडद्यावर दाखविणे हा मार्ग नव्हे. नरसाळ्यातील दाब हाताला जाणवल्याशिवाय कळत नाही. ज्याने तो महाविद्यालयात अनुभवला नाही, तो उद्या कारखान्यात अधिक मोठ्या भांड्यासमोर अननुभवी उभा राहील.

प्रयोगाचे प्रमाण लहान करणे हा पहिला उपाय. १०० मिलिलिटरऐवजी १० मिलिलिटर द्रावक वापरले, तर खर्च, वाफ आणि टाकाऊ द्रव हे सारेच घटते. ईथरच्या जागी शक्य तेथे ७७ अंशांवर उकळणारे इथिल ॲसिटेट वापरता येते. तेही ज्वलनशील आहे, मात्र उन्हाळ्यात आपोआप उकळत नाही. उघड्या ज्योतीऐवजी पाण्याचे तापपात्र वापरणे आणि निष्कर्षणाचे प्रयोग हिवाळ्यात उरकणे, यासाठी तर वेळापत्रकातील बदलच पुरेसा आहे. चष्म्याशिवाय प्रवेश नाही, हा नियम विद्यार्थ्यांइतकाच प्राध्यापकांनाही लागू हवा. थोडक्यात टळलेल्या अपघातांसह प्रत्येक घटनेची नोंदवही ठेवून विद्यापीठाच्या तपासणीत ती पाहिली गेली, तर निदान प्रश्नाचे खरे स्वरूप समोर येईल.

परीक्षेत प्रयोगाच्या निष्कर्षाला गुण मिळतात. तो सुरक्षितपणे केला की नाही, यालाही गुण ठेवले, तर सवय आपोआप लागेल. मिश्रणातून घटक वेगळा करण्याचे कौशल्य शिकविताना धोका वेगळा ओळखण्याची दृष्टी देणे, हीदेखील शिक्षणसंस्थांचीच जबाबदारी आहे.