थकबाकी नव्हतीच

बँकेत ३४ वर्षे काढली. तारीख उलटली की खाते थकीत, हा हिशेब अंगात मुरलेला. नात १३ महिन्यांची झाली तरी पाऊल टाकीना, तेव्हा मी तोच हिशेब तिला लावला. शेजारचा मुलगा दहाव्या महिन्यातच घरभर हिंडत होता. मी तडक चाकांचा वॉकर घेऊन आलो.

सूनबाईंनी तो माळ्यावर टाकला. "अप्पा, आधी हे वाचा," म्हणाल्या.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली, भारतासह पाच देशांतील मुलांच्या पाहणीवरून काढलेले ते आकडे होते. आधाराशिवाय चालणे साधारण आठव्या महिन्यापासून साडेसतराव्या महिन्यापर्यंत केव्हाही येते. काही निरोगी मुले तर रांगतच नाहीत. वॉकरने चालणे लवकर येत नाही, अपघात मात्र होतात. कॅनडाने २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली.

म्हणजे इथे एक तारीख नसतेच, मुदत असते, आणि तीही चांगली ऐसपैस. दीड वर्षानंतरही मूल चालत नसेल, किंवा आलेली हालचाल गेली असेल, तर विनासंकोच डॉक्टरांना दाखवावे. एरवी त्याला जमिनीवर मोकळे सोडावे, आपण जवळ बसावे.

नात पंधराव्या महिन्यात चालली. कुणी बोलावले नव्हते. दिवाण सोडून चार पावले टाकली, पडली, आणि आमच्याकडे न बघताच पुन्हा उठली. शेजाऱ्यांच्या मुलाशी तिची बरोबरी करणारा मी. तिला त्याचा पत्ताही नव्हता.

वॉकर अजून माळ्यावरच आहे.