दिवसाची लाईट, रात्रीची सवय

मुळा-प्रवरेच्या कालव्यांखालच्या आमच्या भागात माणसानं झोपायचं कधी आणि उठायचं कधी, हे वर्षानुवर्षं थ्री फेजच्या पाळीनं ठरत आलं. एक आठवडा दिवसाची पाळी, पुढचा रात्रीची. रात्रीची पाळी असली की एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात खोरं घेऊन उसात दारं धरायची. पायाखाली साप असेल का, बांधापलीकडं बिबट्या असेल का, हे विचार डोक्यात ठेवूनच माणूस घरातून निघतो आणि तो परत येईपर्यंत घरातली बाई जागी असते. ‘आम्हाला दिवसा लाईट द्या’ या मागणीसाठी मोर्चे निघाले, सबस्टेशनला घेराव पडले, तेव्हा शहरातल्या काही मित्रांना तो सवलतीचा हट्ट वाटला. ती जिवाची मागणी होती.

आता ती मागणी खरोखर पुरी होऊ लागली आहे, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली. तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये जाहीर झाला. त्यातला पहिला तीन मेगावॉटचा प्रकल्प छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वैजापूरजवळच्या धोंदलगावला २०२४ मध्ये सुरू झाला. रचना सोपी आहे. सबस्टेशनच्या जवळपास पडीक किंवा गायरान जमीन घ्यायची, तिथं सौर पॅनेल लावायचे आणि ती वीज तिथल्याच शेतीच्या अकरा केव्ही फीडरवर सोडायची. ऊन असेल तोवर मोटरी चालतील, रात्री शेतकरी घरी झोपेल. वीज लांबून आणावी लागत नसल्यानं वाटेतली गळतीही कमी. मात्र त्यासाठी शेतीचा फीडर आणि गावठाणाचा फीडर वेगळे असावे लागतात. ते वेगळे करण्याचं काम आपल्याकडं आधीपासून चालू आहे आणि बऱ्याच गावांत पुरंही झालं आहे.

परवा वस्तीवरच्या तात्यांकडं गेलो होतो. तात्या विहिरीजवळच्या पेटीपुढं उकिडवे बसून स्टार्टरचं झाकण उघडून आत पाहत होते. आत मुंग्यांनी माती भरली होती, काँटॅक्टच्या पट्ट्या काळ्या पडल्या होत्या, आणि हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरनं ते ती माती खरवडत होते. मेन स्विच वर होता.

“तात्या, मेन पाडला नाही का?”

“कशाला पाडायचा? या आठवड्यात आपली रात्रीची पाळी. आत्ता कुठली लाईट!”

त्यांच्या फीडरची वेळ आदल्या दिवशीच बदलली होती. दिवसाची वीज सुरू झाल्याचा मेसेज गावाच्या ग्रुपवर फिरत होता आणि लोक एकमेकांचं अभिनंदन करत होते. तात्यांकडं साधा फोन आहे. ग्रुपवर ते नाहीत. त्या क्षणी थ्री फेज यायची होती की येऊन गेली होती, देव जाणे. मी पुढं होऊन मेन खाली ओढला, तेव्हा तात्या माझ्याकडं बघतच राहिले. त्यांनी काही निष्काळजीपणा केला होता असं मला वाटत नाही. आयुष्यभर अंगात मुरलेल्या वेळापत्रकावर त्यांनी विश्वास ठेवला होता. ते वेळापत्रक रातोरात खोटं ठरलं आणि तसं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

वीजयंत्रणेतली प्रत्येक सुधारणा कुठली ना कुठली तार जिवंत असण्याची वेळ किंवा जागा बदलते. गावाला जुनी वेळ, जुनी जागा पाठ असते. नवी व्यवस्था सुरू झाली तरी गाव कित्येक महिने जुन्याच व्यवस्थेत वावरत असतं. म्हणून ती बातमी घरोघर पोचवणं हा त्याच कामाचा भाग आहे. ती पोचत नाही तोवर काम अर्धंच झालं, असं मी म्हणेन.

फीडर वेगळे झाल्याचंच घ्या. पूर्वी गावात लाईट नसली की शिवारातही नसायची. आता एकाच खांबावरून दोन फीडरच्या तारा गेलेल्या असतात. एक बंद, एक चालू. ‘लाईट गेलीय, चढ वर, तेवढा जंपर बांधून दे’ हे वाक्य अजून गावोगाव ऐकू येतं. ते ऐकून खांबावर चढणारा बहुतेक वेळा कुणी झिरो वायरमन असतो. त्याचं नाव कुठल्याही हजेरीपटावर नाही, त्याच्याकडं हातमोजे नाहीत, कमरेला पट्टा नाही. नियमानं लाईनवर काम करायचं तर आधी सबस्टेशनवरून परमिट घ्यायचं, लाईन बंद झाल्याची खात्री करायची, डिस्चार्ज रॉड लावून ती जमिनीशी जोडायची आणि मग हात लावायचा. रॉड लावल्यावर कुठूनही अचानक वीज आली तरी ती जमिनीत जाते. आणि ‘कुठूनही’ म्हणजे कधी आपल्याच घरातून. दूध डेअरीचा जनरेटर किंवा मंगल कार्यालयातला मोठा इन्व्हर्टर चेंजओव्हर स्विचशिवाय जोडलेला असेल, तर त्याची वीज मीटरमधून उलटी डीपीपर्यंत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाते. तिथं तिचा दाब वाढतो आणि बंद समजलेली अकरा केव्हीची लाईन जिवंत होते. दरवर्षी ४ मार्चला आपण लाईनमन दिवस पाळतो. त्याला हार घालायचा तो जरूर घालू, पण आपल्या जनरेटरचा चेंजओव्हर आधी तपासू.

पावसाळा तोंडावर आहे, म्हणून तुटलेल्या तारेबद्दल सविस्तर लिहितो. एवढं जरी या लेखातलं लक्षात राहिलं तरी पुष्कळ.

वळवाच्या पहिल्या सरीला लाईट का जाते, असं लोक चिडून विचारतात. उन्हाळाभर तापलेल्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवर गार पाणी पडलं की त्याला तडा जातो. त्या तड्यात पाणी शिरलं की वीज खांबातून जमिनीत उतरते आणि फीडर ट्रिप होतो. म्हणून मे महिन्यात पावसाळापूर्व कामं निघतात. फांद्या तोडायच्या, इन्सुलेटर बदलायचे, झोळ पडलेल्या तारा ओढायच्या, दोन खांबांमधलं अंतर जास्त असेल तिथं मधे एक पोल उभा करायचा, तारांमध्ये स्पेसर टाकायचे. आमच्या भागात स्पेसरचं मोल वेगळं सांगायला नको. वाऱ्यानं दोन तारा एकमेकींना घासल्या, ठिणग्या पाचटात पडल्या आणि तोडीला आलेला ऊस डोळ्यांदेखत गेला, असं सांगणारं घर इथं दर दोन-चार घरांमागं सापडेल.

तरीही तार तुटतेच. अकरा केव्हीची तार कोरड्या मुरमाड रानात पडली तर पुष्कळदा ठिणगीसुद्धा उडत नाही. लोकांना वाटतं, सबस्टेशनचा ब्रेकर पडला असेल, तार मेली असेल. पण कोरडी माती, खडक, डांबर यांतून करंट इतका थोडा वाहतो की तिकडं ब्रेकरला पत्ताच लागत नाही. तार जमिनीवर निवांत पडलेली आणि पूर्ण जिवंत. समजा ब्रेकर पडला, तरी फॉल्ट तात्पुरता होता का हे पाहायला लाईन पुन्हा चालू करून बघितली जाते. मिनिटापूर्वी खरोखर मेलेली तार त्या वेळी परत जिवंत होते. म्हणून पडलेली तार जिवंतच समजायची. काठीनं बाजूला सारायची नाही. घरच्या सर्किटवर कोरडं लाकूड वाचवेल, अकरा हजारांपुढं त्याचा भरवसा नाही. लांब राहायचं, दुसऱ्यांना लांब ठेवायचं आणि १९१२ ला फोन लावायचा. तारेजवळ असताना हे ध्यानात आलं, तर लांब टांगा टाकत पळायचं नाही. पाय एकमेकांना लागून ठेवून, जमिनीवरून घासत घासत मागं सरकायचं.

याचं कारण कळलं की ते विसरत नाही. तार जिथं टेकते तिथं जमिनीत दाब सर्वांत जास्त असतो आणि लांब जावं तसा तो उतरत जातो. एक पाय जास्त दाबाच्या जागी, दुसरा कमी दाबाच्या जागी पडला की त्या फरकानं करंट एका पायातून चढतो आणि दुसऱ्यातून उतरतो. जेवढी लांब टांग, तेवढा फरक मोठा. म्हणूनच डीपीजवळ ओल्या जमिनीत माणूस झिणझिण्या येऊन मागं फिरतो आणि त्याच जागी म्हैस कोसळते. तिच्या पुढच्या आणि मागच्या पायांत माणसाच्या पावलाहून कितीतरी जास्त अंतर असतं, आणि तिच्या बाबतीत तो करंट छातीतूनच जातो. पावसाळ्यात डीपीच्या आसपास हिरवं गवत चांगलं उगवतं. तिथं जनावर सोडू नका. खांबाच्या ताणाला तर कधीच बांधू नका. ताणात मधे तो अंड्यासारखा इन्सुलेटर असतो, तो फुटला किंवा बसवलाच नसला तर सगळा ताण वीज घेऊन उभा असू शकतो. बैलजोडी गेली की घराचं वर्ष जातं. विद्युत निरीक्षकाचा अहवाल, पंचनामा, भरपाई हे सगळं होतं, पण पेरणी त्यासाठी थांबत नाही.

घरातल्यांचंही सांगतो. फ्यूज आहे म्हणजे आपण सुरक्षित, हा समज फार खोल बसला आहे. फ्यूज तारेला आगीपासून वाचवतो, माणसाला नाही. तो कित्येक अँपिअरला जळतो. माणसाच्या छातीतून शंभर मिलिअँपिअरच्या आसपास करंट गेला तरी हृदय बंद पडू शकतं. तीस मिलिअँपिअरला पडणारा ईएलसीबी घरच्या बोर्डात असावा आणि अर्थिंग जिवंत असावं. कोळसा-मीठ घालून केलेला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात सुकतो, त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायला पोरांना सांगा. कपडे वाळत घालायची लोखंडी तार पत्र्याच्या शेडला किंवा मीटरच्या वायरजवळच्या खिळ्याला बांधलेली असेल, तर हा पेपर बाजूला ठेवून आधी ती सोडा आणि नायलॉनची दोरी बांधा. पावसाळ्यात अशा तारेवर आई गेली, तिला सोडवायला धावलेला मुलगाही गेला, ही बातमी आपण सगळ्यांनी वाचलेली आहे.

डीपीचंही थोडं बोलतो. मोटरींना ‘ऑटो’ लावलेला असला की लाईट येताक्षणी डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम उचलतात, आणि सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. किटकॅट फ्यूजमध्ये ठरलेल्या तारेऐवजी जाड अॅल्युमिनियमचा वेढा टाकलेला असला तर तो जळत नाही, डीपी जळते. मग वर्गणी, ट्रॅक्टर आणि आठ-दहा दिवस सुकलेलं रान. पूर्वी रात्री-बेरात्री उठणं टळावं म्हणून लोकांनी ऑटो लावला, त्यांना दोष देणार नाही. आता दिवसा लाईट येत असेल तर त्याची गरजच उरली नाही. तो काढा, कपॅसिटर बसवा. मोटरीशी खुडबुड चालू असताना ती आपोआप सुरू होण्याचा धोकाही त्यामुळं जाईल.

आमच्या भागाला या विषयाची एक जुनी ओळख आहे. १९६९ च्या सुमारास देशात प्रयोग म्हणून ग्रामीण वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या, त्या पहिल्या पाचांत श्रीरामपूरची मुळा-प्रवरा होती. बेळगाव जिल्ह्यातली हुक्केरीची आणि तेलंगणातली सिरसिल्याची संस्था आजही चालतात. मुळा-प्रवरेचा परवाना २०११ मध्ये संपला आणि कारभार महावितरणकडं गेला. तिच्या हिशेबाबद्दल, थकबाकीबद्दल खूप बोललं गेलं आणि त्यातलं बरंच बोलणं गरजेचं होतं. पण सभासद म्हणून डीपीचा प्रश्न वार्षिक सभेत उभं राहून विचारण्याचा जो हक्क होता, तो मला मोलाचा वाटतो. कंपनी सरकारी असली म्हणून तो हक्क संपायचं काही कारण नाही. त्यासाठी ग्रामसभा आहे. २०१६ मध्ये शासनानं तीन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी ग्राम विद्युत व्यवस्थापक नेमायची योजना काढली. गावातल्याच आयटीआय झालेल्या पोरानं मीटर वाचावं, फ्यूज बघावा, किरकोळ दुरुस्ती करावी, अशी ती कल्पना. हा माणूस जिथं खरोखर काम करतो तिथं नव्या वेळेची बातमी तात्यांच्या विहिरीपर्यंत जाऊ शकते. ओळखीच्या माणसानं बांधावर उभं राहून सांगितलेलं तात्या ऐकतात.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी आम्ही काही जणांनी ग्रामपंचायतीला अर्ज दिला आहे. शाखा अभियंत्यांना सभेला बोलवावं, गावात कुठला फीडर किती ते किती चालू असतो हे त्यांच्याकडून ऐकावं आणि ते रंगानं लिहिलेल्या पाटीवर चावडीपाशी, दूध संकलनापाशी आणि प्रत्येक डीपीवर लावावं. वेळ बदलायची असेल तर आधी पाटी बदलावी, मग फीडर. शिवारातले झोळ पडलेले गाळे आणि उघड्या पेट्यांची यादी आम्ही गट नंबरासह करतो आहोत. तुमच्या शिवारातली माहिती पुढच्या आठवड्यापर्यंत शाळेतल्या गुरुजींकडं द्या. डीपीचा नंबर तिच्या पेटीवर किंवा खांबावर लिहिलेला असतो, तेवढा टिपून आणा. वाचायला लांबूनच उभे राहा.