मज्जातंतूंतील मालवाहतूक

रायपूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र पुढ्यात आहे. त्यांच्या वडिलांना काही वर्षांपासून कंपवात जडला आहे. मेंदूतील मज्जापेशी क्षीण होत जातात, एवढे डॉक्टरांनी सांगितले. परंतु त्या का क्षीण होतात, आणि हा विकार पुढे आपल्या मुलांच्या वाट्यास तर येणार नाही ना, असे त्यांनी विचारले आहे. उत्तर थोडे लांबून द्यावे लागेल, याबद्दल त्यांनी क्षमा करावी.

मज्जापेशीची घडण मोठी विलक्षण आहे. तिचा देह नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही इतका लहान. पण त्यातून निघणारा तंतू मात्र किती लांब जावा! पाठीच्या कण्यातून निघून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा तंतू प्रौढ माणसात सुमारे १ मीटर भरतो. टोकाला लागणारी बहुतेक प्रथिने तयार होतात ती पेशीच्या देहात. मग ती तेथवर पोचतात कशी? १९४८ साली वाइस व हिस्को यांनी प्राण्यांचा मज्जातंतू एका जागी आवळून पाहिला, तेव्हा पेशीच्या बाजूने तो फुगून आला. पाटाला बांध घातला की पाणी तुंबते, तसेच हे. आत काहीतरी वाहत होते खास.

रायपूर स्थानकाचा मालधक्का आपण पाहिला असेल. धानाची पोती, हमाल, आणि मुंबई व हावडा अशा दोन दिशांना जाणारे रूळ. तंतूतही सूक्ष्मनलिकांचे असे रूळ पसरलेले असतात आणि त्यांवरून ‘चालक प्रथिने’ माल वाहतात. टोकाकडे नेणाऱ्या कायनेसिनचा शोध १९८५ साली माखलीच्या जाड मज्जातंतूत लागला. उलट दिशेने पेशीकडे आणणारे ते डायनीन. कायनेसिनचे एक पाऊल ८ नॅनोमीटरचे. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतले आठ! या हिशेबाने मीटरभर वाटेला साडेबारा कोटी पावले झाली. एकच हमाल सारी वाट चालत नाही, हे खरे. तरीही जलद जाणारा माल दिवसाकाठी ४०० मिलिमीटरपर्यंत मजल मारतो.

परंतु नुसते हमाल असून भागत नाही. कोणते पोते कोणत्या वॅगनीत, ते कोणी उचलावे, हे ठरविणारा कारकूनही हवा. पेशीत हे काम अनेक प्रथिनांचे मिळून झालेले संघ करतात, आणि त्यांचा उत्तम अभ्यास आपल्या मुंबईतच, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, संध्या कौशिका यांच्या प्रयोगशाळेत चालतो. तेथील प्रयोगाचे पात्र म्हणजे एक मिलिमीटर लांबीचा कृमी. त्याला मज्जापेशी अवघ्या ३०२, आणि देह काचेसारखा पारदर्शक. त्यामुळे जिवंतपणीच आतील वाहतूक सूक्ष्मदर्शकातून दिसते.

या कृमीत संदेशवहनाच्या पुटिकांची प्रथिने ‘यूएनसी-१०४’ नावाचे चालक प्रथिन वाहून नेते. २०२४ साली या प्रयोगशाळेने प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दिसते की, ‘एलआरके-१’ हे प्रथिन आणि ‘एपी-३’ हा चार प्रथिनांचा संघ मिळून माल निवडतात. पुटिकांचा माल एकीकडे, पेशीतील कचरा पचविणाऱ्या लायसोसोमचा दुसरीकडे. हे दोघे नसले की निवड बिघडते. आणि गंमत अशी की, एलआरके-१ नाहीसे केले, तर यूएनसी-१०४ नसतानाही काही माल तंतूत जातोच! म्हणजे निवडणारा कारकूनच हमालही ठरवीत होता.

आता पत्राकडे वळू. एलआरके-१चा मानवी भाऊबंद म्हणजे ‘एलआरआरके२’. त्याच्या जनुकातील दोषाने काही घराण्यांत कंपवात होतो, हे २००४ साली उघड झाले. मात्र येथे घाई नको. कृमीत ते प्रथिन काढून टाकले होते. माणसातील दोषात ते बहुधा प्रमाणाबाहेर काम करते. तेव्हा कृमीत दिसले तेच आपल्या वडिलांच्या मेंदूत घडत आहे, असे म्हणता येणार नाही. वाहतूक बिघडणे हे एक कारण असावे असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे, एवढेच.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक दिलासा देणारे आहे. कंपवाताच्या बहुसंख्य रुग्णांत असा एकच आनुवंशिक दोष सापडत नाही. घराण्यात आणखी कोणाला, विशेषतः तरुण वयात, हा विकार झाला असेल, तर मज्जाविकारतज्ज्ञांना ते अवश्य सांगावे. आणि एक घरगुती गोष्ट: वडिलांना लेव्होडोपाच्या गोळ्या चालू असतील, तर त्यांच्या वेळा सांभाळाव्यात. दूध, डाळी यांतील प्रथिने त्या औषधाच्या शोषणात आडवी येतात. म्हणून गोळी व जेवण यांत किती अंतर ठेवावे, हे पुढच्या खेपेस डॉक्टरांना विचारून घ्यावे.