आवळ्याजावळ्यांची चाल

कन्नडमध्ये जुळ्यांना 'अवळि-जवळि' म्हणतात, मराठीत आवळेजावळे. दोन्ही भाषांच्या घरांना ठाऊकच आहे, जुळी असली तरी दोघांची चाल एकच असेल असे नाही. मोटारसायकलच्या दोन सिलिंडरांचेही तसेच.

माझा भाचा रोज सौंसरहून पांढुर्ण्याकडे संत्र्याच्या बागेत जातो. हात बधिर होतात म्हणून म्हणतो, "मामा, दोन सिलिंडरची घेतो, थरथर संपेल." मी म्हटले, "आधी तिचा क्रँक कसा आहे ते विचार."

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, प्रत्येक सिलिंडर एकदाच पेटतो. दोन्ही पिस्टन बरोबर वर-खाली होत असतील तर दर फेरीला एक ठोका, अगदी समान. पण दोघांचे वजन एकदम उसळते, म्हणून थरथर उरतेच. एक वर, एक खाली ठेवला तर ही उसळी बरीच मिटते. मात्र इंजिन डावी-उजवीकडे डोलते आणि ठोके १८० व ५४० अंशांवर, लंगडत पडतात.

१९८३ ची राजदूत ३५० अशीच, पण टू-स्ट्रोक. तिथे प्रत्येक फेरीत दोन्ही सिलिंडर पेटतात, म्हणून ठोके समान. २०१८ च्या इंटरसेप्टर ६५० मध्ये ठोके २७० व ४५० अंशांवर पडतात, शिवाय थरथर कमी करायला बॅलन्सर शाफ्ट आहे.

तेव्हा वाचकहो, सिलिंडर मोजून गाडी घेऊ नका. रोजच्या वेगाने अर्धा तास चालवून पाहा. आणि उतरल्यावरही हात बधिरच राहत असतील, तर आधी डॉक्टरांकडे जा.